विहार समिती, मंडळ, ग्रामसभा : कोणता कागद किती वर्षे जपायचा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका गावातून फोन आला. विहाराच्या आवारभिंतीसाठी निधी मिळण्याची शक्यता होती आणि संस्थेची कागदपत्रे मागितली होती. नोंदणी प्रमाणपत्र बाबासाहेबांच्या फोटोशेजारी चौकटीत लावलेले होते, पण बाकी काहीच सापडेना. धर्मादाय कार्यालयातून उतारा काढला तेव्हा कळले की नोंदीवर अजून पहिलीच कार्यकारिणी आहे. सात जणांपैकी पाच वारलेले, एक मुलाकडे पुण्याला आणि एकाला आता ऐकू येत नाही. त्यानंतर गावात चार कार्यकारिण्या झाल्या. जयंत्या झाल्या, वर्षावास झाले, स्लॅब पडला, पण एकाही कार्यकारिणीचा बदल अर्ज गेला नव्हता. कायद्याच्या लेखी विहाराचा कारभार दिवंगत माणसांच्याच नावावर होता.

निधी परत गेला. हे एका गावाचे दुखणे नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत काम करताना विहार समित्या, जयंती मंडळे, महिला मंडळे, वाचनालये आणि वनहक्क समित्या अशा सगळ्यांकडे हीच परिस्थिती दिसते. काम भरपूर, कागद कमी. म्हणून आपल्या संस्थेला कायद्याने कोणत्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्या किती काळ ठेवायच्या, हे शोधण्याची पद्धत इथे एकत्र मांडत आहे. लेख जपून ठेवा आणि समितीच्या बैठकीत वाचा.

आधी ठरवा : आपली संस्था कायद्यात कुठे बसते?

"कागद किती वर्षे ठेवायचे?" या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. ते संस्थेच्या प्रकारावर अवलंबून आहे. खालील यादीत आपली संस्था शोधा. एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडली, तर त्या सगळ्या ठिकाणचे नियम लागू होतात.

१. नोंदणीकृत मंडळ किंवा सोसायटी. किमान सात सभासदांनी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवलेली. महाराष्ट्रात अशा संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हाही लागू होतो. म्हणून एकाच संस्थेला दोन क्रमांक असतात : एक सोसायटीचा आणि दुसरा 'एफ' अक्षराने सुरू होणारा विश्वस्त नोंदणीचा. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा याच १८६० च्या कायद्याखाली नोंदवलेली होती. शंभर वर्षांनंतर गावातले मंडळ त्याच कायद्याने चालते.

२. विश्वस्त संस्था (ट्रस्ट). न्यासपत्र करून थेट १९५० च्या कायद्याखाली नोंदवलेली.

३. नोंदणी नसलेले उत्सव मंडळ. १४ एप्रिलची जयंती किंवा १६ ऑक्टोबरचा चंद्रपूरचा कार्यक्रम यासाठी तात्पुरती वर्गणी गोळा करणारे. १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ सी प्रमाणे अशा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. "आम्ही नोंदणी केलीच नाही, मग हिशेब कसला?" हे म्हणणे चालत नाही.

४. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. काही तरुण मुले आता हा मार्ग घेतात. तिथे हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे ठेवणे बंधनकारक आहे.

५. ग्रामसभा आणि वनहक्क समिती. ही संस्था नोंदवावी लागत नाही, कायद्यानेच ती निर्माण होते. पण नोंदी ठेवण्याची जबाबदारी तिच्यावरही आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

विश्वस्त कायदा काय मागतो?

पहिल्या दोन प्रकारांतल्या संस्थांसाठी १९५० च्या कायद्यातल्या या तरतुदी पाठच करायला हव्यात.

• नियमित हिशेब (कलम ३२) : रोकडवही, खातेवही, पावतीपुस्तके आणि खर्चाची बिले. दानपेटी उघडताना दोघा-तिघांच्या सह्यांनिशी मोजणीची नोंद करा. पावतीपुस्तकांना क्रमांक हवेत. वापरलेल्या पुस्तकाची स्थळप्रत परत घेतल्याशिवाय नवे पुस्तक देऊ नका.

• लेखापरीक्षण (कलम ३३ व ३४) : वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण व्हायला हवे. अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल झाल्याची पोच जपा. सनदी लेखापालाच्या कपाटात पडून राहिलेला अहवाल म्हणजे दाखल झालेला अहवाल नव्हे.

• बदल अर्ज (कलम २२) : विश्वस्त बदलले, कोणी वारले, जागा घेतली, पत्ता बदलला, तर ९० दिवसांत कळवावे लागते. अर्जासोबत सभेची सूचना, ती मिळाल्याच्या सह्या, हजेरी, ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रे लागतात. गावात दोन गट पडले की वाद नेमका सूचनेवर येऊन थांबतो : "आम्हाला बैठकीची खबरच नव्हती." त्यामुळे सूचना-वही ही ठरावाइतकीच महत्त्वाची.

• मालमत्ता नोंदवही (कलम ३६ बी) : जंगम आणि स्थावर मालमत्तेची यादी. बुद्धमूर्ती, लाऊडस्पीकर, भांडी, सतरंज्या, पुस्तके आणि जागा. किरकोळ किमतीच्या वस्तू वगळता येतात. मूर्ती दान मिळाली असेल, तर दात्याचे नाव आणि तारीख त्याच वेळी लिहा.

• जागा विकणे, गहाण ठेवणे, बदलणे किंवा दान देणे (कलम ३६) : धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त किंवा इतर जमीन-इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने देतानाही लागते. विहाराच्या रस्त्यालगतच्या कोपऱ्यात कुणाला दुकान "देऊन टाकण्याआधी" हे कलम वाचा.

याशिवाय सोसायटी असेल, तर १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दरवर्षी कार्यकारिणीची यादी दाखल करायची असते. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत, आणि सभेची तरतूद नसेल तर जानेवारीत.

आयकर : इथे मुदत स्पष्ट लिहिली आहे

बहुतेक गावमंडळांना वाटते की आयकर आपल्यासाठी नाही. पण देणगीदाराला करसवलत हवी असेल किंवा एखाद्या कंपनीकडून मदत घ्यायची असेल, तर १२ एबी आणि ८० जी या नोंदण्या लागतात. त्या घेतल्या की नोंदींची जबाबदारी वाढते.

ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर नियमांत १७ एए हा नियम आला. सूट धरण्यापूर्वीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलेल्या धर्मादाय संस्थांनी हिशेबाच्या वह्या आणि कागद कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे ठेवायचे, असे तो सांगतो. उदाहरण घेऊ. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे कर-निर्धारण वर्ष २०२५-२६. ते ३१ मार्च २०२६ ला संपते. म्हणजे २०२४-२५ ची बिले ३१ मार्च २०३६ पर्यंत हवीत. फेरनिर्धारणाची नोटीस आली असेल, तर ते प्रकरण अंतिम होईपर्यंत.

हा नियम फक्त वह्यांपुरता नाही. देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, पैसे कुणाला कशासाठी दिले, कायम निधी, कर्ज, गुंतवणूक आणि मालमत्ता यांच्याही स्वतंत्र नोंदी तो मागतो. वह्या नोंदणीकृत कार्यालयातच ठेवायच्या. दुसरीकडे ठेवायच्या असतील तर तसा ठराव करून सात दिवसांत कर-निर्धारण अधिकाऱ्याला कळवायचे. सचिवाच्या घरी वर्षानुवर्षे पडलेला गठ्ठा या नियमात बसत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. जुन्या वर्षांचे कागद जुन्या मुदतीप्रमाणे जपा आणि नव्या वर्षासाठीचे क्रमांक लेखापालाकडून लिहून घ्या.

परदेशातल्या पैशाबद्दल एकच गोष्ट. भारतीय नागरिक असलेला भाऊ आखातातून स्वतःच्या कमाईतून दान पाठवतो, तेव्हा ते परकीय अभिदान ठरत नाही. पण त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ठरते. मग विदेशी अभिदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठरावीक खाते याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. म्हणून अशा दात्याच्या नागरिकत्वाची नोंद पावतीसोबत ठेवा.

जागेचे कागद : आपल्या जिल्ह्यांत सर्वांत मोठा धोका इथे आहे

वही हरवली तर दंड होईल. जागेचा कागद हरवला तर विहार जाऊ शकतो.

*दानाची जागा.* गावातल्या एखाद्या आजोबांनी "घ्या रे पोरांनो, इथं बांधा" म्हणून जागा दिलेली असते. कागद असला तर स्टॅम्पपेपरवरचा, दोन सह्यांचा. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताने आणि दोन साक्षीदारांसमक्षच होते. पुढच्या पिढीत नातवाने हरकत घेतली, तर तो स्टॅम्प तोकडा पडतो. दाता हयात असेपर्यंत दुय्यम निबंधकाकडे दानपत्र नोंदवा, फेरफार करून सातबारावर संस्थेचे नाव चढवा आणि बदल अर्ज द्या. जमीन भोगवटदार वर्ग २ ची असेल, तर हस्तांतरणाआधी महसूल विभागाची परवानगी लागते.

*झुडपी जंगल.* महसुली दप्तरात ही नोंद असलेल्या जमिनी विदर्भाच्या पूर्वेकडील सहा जिल्ह्यांत आहेत आणि त्यांत आपले दोन्ही जिल्हे येतात. कित्येक शाळा, वस्त्या, स्मशानभूमी आणि समाजमंदिरे अशाच जागेवर उभी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल हे वनच असल्याचे सांगितले. त्याच वेळी सक्षम अधिकाऱ्याने १२ डिसेंबर १९९६ पर्यंत दिलेल्या जमिनींसाठी राज्य सरकारने केंद्राची मंजुरी घ्यावी, असा मार्ग ठेवला. त्यानंतरच्या वाटपांची कडक छाननी होणार आहे. म्हणजे तुमची जागा १९९६ पूर्वी मिळाली असेल, तर तो वाटपाचा आदेश आज सोन्याच्या मोलाचा आहे. आदेशाची प्रत नसेल, तर आजच तहसील कार्यालयात अर्ज करा.

*सार्वजनिक जागेवरची धार्मिक बांधकामे.* सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशानंतर नवे अनधिकृत बांधकाम चालत नाही, आणि जुन्यांचा विचार प्रत्येक प्रकरण पाहून होतो. आपला विहार कधीचा आहे, हे दाखवायला ग्रामपंचायतीचा ठराव, नमुना ८ चा उतारा, पहिले वीजबिल, कोनशिलेचा फोटो आणि उद्घाटनाची पत्रिका असे कागद लागतात. जुनी पत्रिका रद्दीत देऊ नका.

तीस वर्षांपेक्षा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयात आला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर त्या-त्या व्यक्तीचेच असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. जुन्या पुरावा कायद्यातली ही तरतूद नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. 'योग्य ताबा' म्हणजे तो कागद जिथे असायला हवा तिथेच असणे. समितीच्या पेटीतून निघालेल्या कागदाला जे वजन आहे, ते कुणाच्या माळ्यावर अचानक सापडलेल्या कागदाला येत नाही.

वनहक्क समिती : दावा जपणे हेच तिचे काम

वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि त्याचे नियम २००८ चे. या नियमांत वनहक्क समितीची कामे लिहिली आहेत : दावे आणि पुरावे स्वीकारणे, पोच देणे, ते जपून ठेवणे, नकाशासह नोंद तयार करणे आणि दावेदारांची यादी करणे. जपून ठेवणे हे समितीचे कायदेशीर कर्तव्य आहे. तरीही कित्येक गावांत दाव्याची एकच प्रत असते, ती उपविभागीय समितीकडे जाते आणि नंतर गावाकडे काहीच उरत नाही.

बौद्ध कुटुंबांसाठी हा प्रश्न आणखी अवघड आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आपण इतर पारंपरिक वननिवासी या गटात येतो. त्यामुळे ताब्याखेरीज कुटुंब त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या भागात राहून वनावर अवलंबून असल्याचेही दाखवावे लागते. म्हणजे साधारण १९३० पर्यंत मागे जावे लागते. त्याच शेतावर ७५ वर्षांचा ताबा लागत नाही, हेही लक्षात ठेवा. या गैरसमजातून अनेक जबरानजोतधारकांनी दावाच केलेला नाही.

पुरावे एकाहून अधिक हवेत. आपल्या भागात हे उपयोगी पडतात :

• निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि जुन्या बंदोबस्ताच्या नोंदी
• कोतवाल बुकातली आजोबा-पणजोबांची जन्म-मृत्यूची नोंद
• शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा
• अतिक्रमणाबद्दल वनविभागाने केलेल्या दंडाच्या पावत्या (ताब्यासाठी)
• दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब
• गावातल्या जुन्या मंडळाच्या वर्गणीच्या याद्या

शेवटची ओळ मुद्दाम लिहिली आहे. १९५६ नंतरच्या विहाराच्या वर्गणीवहीत प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाचे नाव असते. ती वही एकटी पुरेशी नाही, पण कुटुंब तेव्हा त्या गावात होते हे सांगणारा जोडपुरावा आहे. मंडळाचा जुना कागद असा एखाद्याच्या शेताच्या कामी येतो.

ग्रामसभेच्या ठरावालाही गणपूर्ती लागते. किमान निम्मे सदस्य, त्यांत एक-तृतीयांश महिला, आणि ज्यांच्या दाव्यांवर निर्णय होतोय त्यांतले निम्मे दावेदार हजर हवेत. म्हणून हजेरीत महिला आणि दावेदार यांची वेगळी मोजणी लिहा. ठराव नामंजूर झाला, तर ६० दिवसांत अपील करता येते. ते ६० दिवस मोजायला निर्णय मिळाल्याची तारीख कागदावर असायला हवी.

नोंदी नीट असल्या की काय होते, हे पाहायला लांब जायची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना कोण देणार, यावर वाद होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसापासून परवाना फाडणे आणि त्याची स्थळप्रत जपणे ही ग्रामसभेचीच जबाबदारी झाली. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावही सामूहिक हक्कानंतर बांबूचा व्यवहार स्वतः करते. बांबू आणि तेंदूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो तेव्हा लिलावाची कागदपत्रे, करारनामे, मजुरीचे हजेरीपट आणि बोनसच्या याद्या हे सगळे हिशेबाचे कागद ठरतात.

साधे वेळापत्रक : अ, ब, क, ड

सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग असतात. अ कायमचे, ब ३० वर्षांचे, क-१ दहा वर्षांचे, क पाच वर्षांचे आणि ड एक वर्षाचे. हीच पद्धत आपल्या संस्थेसाठी वापरता येते. खालील मुदती कायद्यातल्या किमान मुदती आणि माझा अनुभव मिळून ठरवल्या आहेत.

*अ – कायम :* नोंदणी प्रमाणपत्रे, घटना व नियमावली, न्यासपत्र, विश्वस्त नोंदणीचा (पीटीआर) उतारा, सर्व इतिवृत्त-वह्या, बदल अर्ज व त्यांवरील आदेश, जागेचे सर्व दस्त, वाटप आदेश, मालमत्ता नोंदवही, लेखापरीक्षण अहवाल, न्यायालयीन निकाल, वनहक्काचे दावे, पुरावे आणि अधिकारपत्रे.

*ब – ३० वर्षे :* सभासद नोंदवही, सभेच्या सूचना व हजेरी, वर्गणीच्या याद्या, भाडेकरार.

*क-१ – दहा वर्षे (आयकर नियमाप्रमाणे मोजून) :* रोकडवही, खातेवही, बिले, पावत्यांच्या स्थळप्रती, बँक पासबुक, देणगीदारांच्या नोंदी, शासकीय अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे.

*क – पाच वर्षे :* साधा पत्रव्यवहार, कार्यक्रमांच्या परवानग्या.

*ड – एक वर्ष :* कोटेशन, निमंत्रणांचे मसुदे. सभासदांच्या आधार कार्डच्या झेरॉक्स काम संपताच फाडून नष्ट करा, रद्दीवाल्याला देऊ नका.

एक अपवाद सगळ्यांना लागू आहे. चौकशी, वाद किंवा खटला चालू असेल, तर त्यासंबंधीचा कोणताही कागद मुदत संपली तरी नष्ट करायचा नाही. नष्ट करताना यादी करा, बैठकीत ठराव घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या.

कागद हरवलेत, आता काय?

• सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात पीटीआर उतारा, घटना आणि मागील बदल अर्जांच्या नकलांसाठी अर्ज करा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या संस्थेचे कागद गडचिरोलीत सापडले नाहीत, तर चंद्रपुरात शोधा. जुन्या शिक्क्यावर 'चांदा' असेल.
• तहसील, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायतीत नक्कल मिळत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.
• पुरात किंवा आगीत कागद गेले, तर तलाठ्याच्या पंचनाम्यात 'संस्थेचे दप्तर' असा उल्लेख करून घ्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुरात ब्रह्मपुरी तालुक्यातली गावे पाण्यात गेली. अशा वेळी लोक धान्य आणि भांड्यांची नोंद करतात, दप्तराची आठवण कुणाला राहत नाही.
• बदल अर्ज वर्षानुवर्षे थकले असतील, तर वकिलाच्या सल्ल्याने क्रमाने दाखल करा. मधली कार्यकारिणी गाळून थेट आजची नावे चढवण्याचा प्रयत्न अंगाशी येतो.

मोबाईलवर स्कॅन जरूर करा, पण मूळ कागद टाकू नका. पत्र्याची पेटी, प्लास्टिकचे पाकीट, वाळवीसाठी कडुनिंबाचा पाला आणि जमिनीपासून दोन हात उंच फळी एवढी व्यवस्था कोणत्याही विहारात होऊ शकते. पेटीच्या किल्ल्या दोन असाव्यात, दोन वेगळ्या घरांत.

या वर्षावासात करता येईल

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. माणसे जमतातच. पहिल्या महिन्यात घरोघरी पडलेले गठ्ठे गोळा करा आणि आजी-आजोबांचे लेखी जबाब घ्या. दुसऱ्या महिन्यात कॉलेजच्या मुला-मुलींनी अ-ब-क-ड प्रमाणे लावून स्कॅन करावे. तिसऱ्या महिन्यात लेखापरीक्षण पूर्ण करा आणि थकलेल्या अर्जांची यादी वकिलाकडे द्या. ३० सप्टेंबरची मुदत याच काळात येते.

सुरुवात मात्र एका अर्जाने करा : आपल्या संस्थेचा पीटीआर उतारा मागवा आणि त्यावर आज कुणाची नावे आहेत ती बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.